न मोजलेले आघात

फुटबॉलच्या मैदानावर उंचावरून आलेला चेंडू खेळाडूनें डोक्यानें जाळ्यांत धाडला, कीं प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करितात. खेळाडूला भोंवळ येत नाहीं, रक्त येत नाहीं. म्हणून त्या आघाताची नोंद कोणी ठेवीत नाहीं. परंतु वर्षानुवर्षें बसणाऱ्या अशा आघातांचा हिशेब मेंदू मात्र ठेवीत असावा, असें अलीकडील संशोधन सुचवितें.

या शोधाचा आरंभ मुष्टियुद्धापासून झाला. १९२८ सालीं अमेरिकेंतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनीं मुष्टियोद्ध्यांच्या एका विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. वारंवार ठोसे खाल्लेल्या या लोकांची चाल अडखळे, बोलणें जड होई, कांहींची बुद्धीहि भ्रमिष्ट होई; दारू न पितांहि ते झिंगल्यासारखे दिसत. पुष्कळ वर्षें हा रोग मुख्यतः मुष्टियोद्ध्यांचाच मानला गेला. पुढें २००२ सालीं माइक वेब्स्टर हा अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू पन्नासाव्या वर्षीं वारला. त्या खेळांत खेळाडू एकमेकांवर अंगानिशीं आदळतात. डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूंत त्याच जातीची विकृति आढळली. २००५ सालीं ती हकीकत प्रसिद्ध झाली आणि इतर खेळांकडेहि लक्ष वळलें.

डोक्याला धक्का बसला असतां आंत काय घडतें? वाळलेला नारळ कानाशीं हालविला, तर सुटा गोटा करवंटीवर आपटल्याचा आवाज येतो. मेंदूहि कवटींत द्रवावर तरंगत असतो. मात्र तो गोट्यासारखा कठीण नसून लोण्यासारखा मऊ असतो. डोकें एकाएकीं हिसकलें, कीं तो पिळला जातो व त्यांतील ज्ञानतंतु ताणले जातात. या तंतूंच्या आंत अतिसूक्ष्म नळ्या असतात. छपराचे वासे सुंभानें आवळून धरावे, तसें 'टाऊ' नांवाचें प्रोटीन त्या नळ्यांना सांवरून धरतें. आघातांनीं तें सुटून त्याच्या गुठळ्या होतात, आणि त्या मेंदूच्या वळ्यांच्या तळाशीं, बारीक रक्तवाहिन्यांभोंवतीं सांचतात. खेळ सुटल्यावर कित्येक वर्षांनीं स्मृति ढासळते, स्वभाव पालटतो. घरच्यांना आपलाच माणूस अनोळखी वाटूं लागतो.

इंग्लंडचा जेफ अ‍ॅसल डोक्यानें चेंडू मारण्यांत प्रसिद्ध होता. २००२ सालीं, वयाच्या ५९ व्या वर्षीं तो वारला. धंद्यामुळें जडलेल्या रोगानें हा मृत्यु झाला, असा निर्णय कॉरोनरनें दिला. २०१४ सालीं मेंदू पुन्हा तपासला, तेव्हां हाच विकार निघाला.

एका उदाहरणावरून सिद्धान्त होत नाहीं. या रोगाचें निश्चित निदान आजहि मृत्यूनंतरच होतें. बॉस्टनच्या संशोधकांनीं २०१७ सालीं अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेंतील १११ खेळाडूंचे मेंदू तपासले. ११० मेंदूंत तो आढळला. परंतु लक्षणें पाहिलेलीं कुटुंबेंच बहुधा मेंदू दान करितात. म्हणून हें प्रमाण सर्व खेळाडूंना लावतां येत नाहीं. ग्लासगोच्या संशोधकांनीं निराळा मार्ग धरला. त्यांनीं स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटु व सुमारें २३,००० इतर माणसें यांची तुलना केली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत मेंदू झिजविणाऱ्या रोगांनीं होणारे मृत्यु खेळाडूंत सुमारें साडेतीन पट निघाले. २०२१ सालच्या पुढील अभ्यासांत बचावपटूंना धोका सर्वांत अधिक दिसला. डोक्यानें चेंडू क्वचितच मारणाऱ्या गोलरक्षकांना तो इतरांहून विशेष अधिक नव्हता.

याच पाहणींत खेळाडूंमध्यें हृदयरोगानें व फुप्फुसाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु मात्र कमी आढळले. तेव्हां मैदान सोडावें, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेंत २०१५ सालीं दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्यानें चेंडू मारण्यास बंदी झाली. २०२० सालीं इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथें प्राथमिक शाळेंतील मुलांकडून त्याचा सराव करून घेऊं नये, असें ठरलें. मूल बेशुद्ध पडलें तर आईबाप धांवतातच. ज्या धक्क्यानें तें पडत नाहीं, त्याचीहि मोजदाद ठेवणें हें आतां वडीलधाऱ्यांचें काम आहे.