मणक्यातलं सिमेंट

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात, आमच्या शेजारच्या काकूंनी चादर खोचायला गादीचं टोक उचललं आणि पाठीत कळ आली. मग शिंक येणार म्हटलं तरी घाबरायच्या. एक्स-रेत दिसलं, मणका पुढून पाचरीसारखा चेपलाय. ठिसूळ हाडाला एवढं निमित्त पुरतं.

बहुतेकांचं दुखणं गोळ्या, पट्टा आणि थोड्या विश्रांतीने दोन-तीन महिन्यांत ओसरतं. नाहीच ओसरलं तर सुई. रुग्ण पालथा, पाठ बधिर, समोर एक्स-रेचा पडदा. सुईतून टूथपेस्टसारखं दाट हाडांचं सिमेंट, जेमतेम चमचाभर, मणक्यात सोडतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं. ही व्हर्टिब्रोप्लास्टी. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये ती पहिल्यांदा झाली, तीही फ्रॅक्चरसाठी नव्हे, तर मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. कायफोप्लास्टीत आधी फुगा फुगवून जागा करतात. सिमेंट मज्जारज्जूकडे झिरपलं तर मात्र पंचाईत.

गंमत म्हणजे २००९ च्या दोन चाचण्यांत लुटुपुटूची सुई टोचलेल्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला. २०१६ च्या चाचणीत सहा आठवड्यांच्या आतल्या ताज्या फ्रॅक्चरला फायदा दिसला. म्हणून मी तरी आधी एमआरआय काढा म्हणेन. फ्रॅक्चर ताजं की जुनं, ते त्यात कळतं.

काकूंना सुई लागली नाही. हाडं बळकट करणारं औषध चालू आहे. गादी आता काका उचलतात, कुरकुरत.