गाडी कोठे बदलायची?

मित्रांनो, मराठवाड्याचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर नांदेड व लातूर ही दोन शहरे शोधा. रस्त्याने जायचे तर अंतर सुमारे १४० किलोमीटर. आता याच दोन शहरांमधील रेल्वेमार्ग बोटाने गिरवा. नांदेडहून गाडी पूर्णेमार्गे परभणीला जाते, म्हणजे चक्क वायव्येकडे. तेथून ती दक्षिणेला वळून गंगाखेडवरून परळी वैजनाथला येते. मग आग्नेयेकडे लातूर रोड, आणि तेथून पुन्हा मागे वळून पश्चिमेला लातूर. हा वळसा दोनशे किलोमीटरच्या वर जातो!

असे का झाले असेल? मार्ग आखणारे वेडे होते काय? मुळीच नाही. खरी गोष्ट अशी की नांदेड आणि लातूर यांना जोडण्यासाठी हे मार्ग कोणी बांधलेच नव्हते. तीन वेगवेगळ्या मार्गांचे तुकडे जोडून हा प्रवास तयार झाला आहे. आणि जेथे दोन तुकडे जुळतात, तेथे सांधा असतो. प्रवास फसतो तो बहुधा या सांध्यांवर. म्हणून प्रवासाची आखणी करणे म्हणजे सांधे ओळखणे. हे कसे करायचे, ते आज पाहू या.

तीन मार्ग, तीन मापे

पहिला मार्ग हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा. हैदराबादहून नांदेड, परभणी, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) असा तो मनमाडपर्यंत १९०१ पर्यंत पूर्ण झाला. तो होता मीटरगेज. म्हणजे दोन रुळांमधील अंतर १००० मिलिमीटर. परभणीहून परळीला जाणारा फाटाही मीटरगेजच होता.

दुसरा मार्ग विकाराबादहून बीदर, लातूर रोड असे करत परळीला येणारा. हाही निजामाच्या काळातलाच, पण ब्रॉडगेज. रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर.

तिसरा मार्ग बार्शी लाईट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली ही छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. पुढे १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला ती मिरजेपर्यंत गेली. ही नॅरोगेज, म्हणजे रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर.

एकाच भागात तीन मापे! अरुंद रुळ कोणी मुद्दाम का घालील? कारण ते स्वस्त पडतात. रुळ हलके चालतात, भराव आणि पूल लहान चालतात, वळणे अधिक तीव्र घेता येतात. जेथे मोठा मार्ग कधीच परवडला नसता, तेथे छोटी गाडी तरी आली. पण या स्वस्ताईची किंमत सांध्यावर मोजावी लागे. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळांवर चढू शकत नाही. त्यामुळे मनमाडला, कुर्डुवाडीला, परळीला माणसांना उतरून दुसरी गाडी धरावी लागे. माणसे निदान स्वतःच्या पायांनी चालतात. कापसाच्या गठ्ठ्यांना आणि धान्याच्या पोत्यांना पाय नसतात. ती सारी हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जात.

रुपयाही बदलायचा!

सांधा केवळ रुळांचा नसतो. १९४८ पूर्वी लातूर आणि नांदेड ही हैदराबाद संस्थानात होती, तर बार्शी आणि कुर्डुवाडी ब्रिटिश मुलखातील सोलापूर जिल्ह्यात. संस्थानाचे नाणे वेगळे, टपालाची तिकिटे वेगळी. संस्थानी रुपयाला ‘हाली सिक्का’ म्हणत आणि इंग्रजी रुपयाला ‘कलदार’. अधिकृत भाव होता ७ हाली रुपयांना ६ कलदार. म्हणजे लातूरच्या शेतकऱ्याने ३५ हाली रुपये खिशात घालून बार्शीचा बाजार गाठला, तर तेथे त्याच्याजवळ किती कलदार असत? तोंडी हिशोब करून पाहा. बरोबर, ३०! आज युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जाणारा प्रवासी ज्या गोष्टींचा विचार करतो, त्या आपल्या आजोबा-पणजोबांना लातूर–बार्शी प्रवासातही कराव्या लागत.

युरोपचे नाव निघालेच आहे, तर तेथील एक सांधा पाहू. फ्रान्समध्ये रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर, तर स्पेनच्या जुन्या मार्गांवर १६६८ मिलिमीटर. सरहद्दीवर गाडी बदलणे भागच होते. १९६९ मध्ये बार्सिलोना ते जिनिव्हा या गाडीसाठी एक युक्ती योजण्यात आली. सरहद्दीवर विशेष रचनेच्या रुळांवरून गाडी हळूहळू नेली, की तिची चाकेच आत-बाहेर सरकून नव्या मापाला बसत. प्रवासी आपल्या जागीच! पुढे स्पेनने १४३५ मिलिमीटरचाच नवा वेगवान मार्ग सरहद्दीपर्यंत नेला आणि डिसेंबर २०१३ पासून पॅरिस–बार्सिलोना थेट गाड्या धावू लागल्या. सांध्यावर इलाज दोनच: एक तर तो चतुराईने ओलांडायचा, नाही तर काढूनच टाकायचा.

सांधा निघाला म्हणून पाणी आले

भारताने दुसरा इलाज निवडला. १९९२ पासून देशभर रुळांचे एकच माप करण्याची मोहीम सुरू झाली. १९९० नंतरच्या दशकात मनमाड–परभणी–नांदेड ब्रॉडगेज झाले. २००८ पर्यंत लातूर–कुर्डुवाडी झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मिरजेपर्यंतचा जुना छोटा मार्गही रुंद झाला.

याचे मोल २०१६ च्या उन्हाळ्यात कळले. लातूर शहराचे पाणी आटले होते. तेव्हा राजस्थानातील कोट्याहून स्वच्छ केलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेला आणल्या. तेथे त्यांत पाणी भरले, आणि १२ एप्रिलला १० वाघिणींची पहिली पाणीगाडी सुमारे ३४० किलोमीटर चालून लातूरला पोचली. प्रत्येक वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार होती. म्हणजे पहिल्या गाडीतून माणशी सव्वा लिटरच्या आसपास, तर मोठ्या गाडीतून साडेसहा लिटर. फार नव्हे, पण तहानेला पुरेल इतके.

जुन्या छोट्या रुळांवरून हे जमले असते काय? ५०,००० लिटर पाण्याचे वजन ५० टन. वाघिणीला आस चार. म्हणजे वाघिणीचे स्वतःचे वजन सोडले तरी एकेका आसावर साडेबारा टन भार. कॅलथ्रॉपने बार्शी लाईन आखली होती ती आसामागे ५ टन भार धरून! शिवाय कोट्याची वाघीण त्या रुळांवर चढलीच नसती.

आता आखणी करू

रुळांचा सांधा निघाला, तरी गाडी बदलण्याचा सांधा पुष्कळदा उरतोच. समजा, तुमची परीक्षा सकाळी ९ वाजता परगावी आहे आणि वाटेत तीन ठिकाणी गाडी बदलायची आहे. प्रत्येक ठिकाणी पुढची गाडी मिळण्याची शक्यता दहापैकी नऊ वेळा आहे, असे धरू. ऐकायला छान वाटते, होय ना? पण तिन्ही गाड्या मिळण्याची शक्यता ९/१० × ९/१० × ९/१०, म्हणजे ७२९/१०००. शंभरात सुमारे २७ वेळा तुम्ही कोठे तरी अडकाल! सांधा एकच असता, तर हे फक्त १० वेळा घडले असते. म्हणून पहिला नियम: थोडी लांबून जाणारी का होईना, थेट गाडी असेल तर तीच घ्या.

दुसरा नियम: गाडी चुकली तर पुढची केव्हा, हे आधी पाहा. दोन तासांनी असेल तर चूक दोन तासांची, उद्या असेल तर एका दिवसाची. गाडी बदलायची तर जेथे गाड्या पुष्कळ आहेत अशा स्थानकावर बदलावी.

तिसरा नियम: नाव नीट वाचा. स्थानकाच्या नावात ‘रोड’ असेल, तर ते गाव बहुधा स्थानकापासून दूर असते. लातूर रोड हे लातूर शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. कुर्डुवाडीचे जुने नावही ‘बार्शी रोड’च होते.

चौथा नियम: तारीख नीट वाचा. १० तारखेच्या रात्री १२ वाजून १५ मिनिटांनी सुटणारी गाडी खरे तर ११ तारखेची. तिकिटावर ११ असते, आणि भलेभले लोक ११ च्या रात्री सामान घेऊन फलाटावर येतात. गाडी मात्र आदल्या रात्रीच गेलेली असते.

एक जागा, दोन प्रवासी

आता आरक्षण. पूर्वी कारकून मोठ्या नोंदवहीत हाताने नावे लिहीत आणि पुढच्या स्थानकावरील जागेसाठी तार करीत. १९८६ मध्ये दिल्लीत संगणक आला. २००२ पासून घरबसल्या तिकीट काढता येऊ लागले. आज प्रवासाच्या ६० दिवस आधी आरक्षण खुले होते.

संगणकापुढचे कोडे कोणते? समजा, नांदेड–पुणे गाडीत दोनच जागा आहेत. गणूला नांदेड ते लातूर जायचे आहे आणि सलमाला लातूर ते पुणे. गणूला पहिली जागा दिली, सलमाला दुसरी. आता शांताबाई नांदेड ते पुणे तिकीट मागतात. दोन्ही जागा अर्ध्या वाटेवर रिकाम्या आहेत, तरी शांताबाईंना एकही देता येत नाही! गणू आणि सलमा यांना पाठोपाठ एकाच जागेवर बसवले असते, तर दुसरी जागा पूर्ण मोकळी राहिली असती. म्हणून डब्यात रिकामी जागा दिसूनही प्रतीक्षायादी असू शकते. शिवाय जागांचे वाटे ठरलेले असतात. मधल्या स्थानकांना काही, पहिल्या स्थानकाला अधिक. म्हणून तिकीट काढताना कोणत्या स्थानकाच्या वाट्यात जागा शिल्लक आहे, हे पाहावे.

तिकिटावरील दहा आकडी पीएनआर क्रमांक म्हणजे तुमच्या नोंदीची ओळख. दोन गाड्यांची दोन तिकिटे असतील तर हे दोन क्रमांक एकमेकांना जोडून घेता येतात. ही सोय १ एप्रिल २०१९ पासून झाली. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे नियमाप्रमाणे परत मिळते. सांध्यावरचा धोका त्यामुळे नाहीसा होत नाही, पण त्याचा भुर्दंड सगळा तुमच्या माथी येत नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावाहून शंभर किलोमीटरवरील एखादे शहर निवडा. तेथे सकाळी ९ च्या आत पोचायचे आहे. वेळापत्रक घेऊन कागदावर मार्ग काढा. प्रत्येक सांध्यापाशी तीन गोष्टी लिहा: हाती किती मिनिटे, पुढची गाडी केव्हा, आणि गाडी नसेल तर एस.टी. आहे का. मग असाच कागद तुमच्या मित्राला करायला सांगा आणि कोणाच्या मार्गात सांधे कमी आहेत ते मोजा.