दारिद्र्य आणि पत

दारिद्र्य म्हणजे द्रव्याचा अभाव, अशी व्याख्या जो तो करतो. परंतु पेठेतल्या माणसास तरी ती पटू नये. ज्याचे भांडवल बुडाले पण पत शिल्लक आहे, त्यास माल उधार मिळतो व तो पुन्हा उभा राहतो. ज्यास पतच नाही, त्याने करावे काय?

उदाहरण दूर शोधावयास नको. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे सोलापुरास सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेविली. त्यांस मजुरी मिळत नव्हती असे नव्हे. त्यांतील कित्येक स्त्रीपुरुष येथील गिरण्यांत राबत. परंतु ठरल्या वेळी हजेरी द्यावी, परगावी जाण्यास परवाना मागावा, आणि शहरात चोरी झाली की पहिला संशय आपणांवर, हे गृहीत धरावे! लेकराच्या बारशाआधीच त्यास गुन्हेगार हे नाव पडलेले. अशा मजुरीस मिळकत म्हणावे काय?

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर संपला व हे लोक ‘विमुक्त’ म्हणविले गेले. तार निघाली, पण संशय काढून टाकण्याचे कलम कोणत्या कायद्यात असते? आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही इतकेच विचारतो: त्या वस्तीतील हिशेबात हुशार तरुण उद्या नोकरी मागावयास आला, तर पत्ता ऐकल्यावर आपण त्यास गल्ल्यावर बसवाल, की पोती उचलावयास गोदामात धाडाल?