घरची धूळ आणि घरचा संगणक



ऊस आणि संगणक यांची ओळख आता जुनी झाली. १९९८ साली वारणानगर परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी एक प्रकल्प हाती घेण्यात आला. ऊस उत्पादकाला नोंद, तोडणी, वजन आणि बिलाची माहिती आपल्याच गावात संगणकावर मिळावी, हा त्याचा एक हेतू होता. पुढे २००७ च्या सुमारास त्यातल्या काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशावरून तीच माहिती देण्याचा प्रयोगही झाला. तेव्हा संगणक गावाचा होता. आज तो घराघरात आला आहे. मुलाचा अभ्यास, मुलीच्या परीक्षेचा अर्ज, सात-बाराचा उतारा, डेअरीचा आणि दुकानाचा हिशेब, सगळं त्याच्यावर चालतं.

ही वस्तू फुकट आलेली नाही, हे आपण जाणताच. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला उसाचा एफआरपी क्विंटलला ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४०० रुपये होता. चौतीस हजारांचा संगणक म्हणजे दहा टन ऊस. त्यातून तोडणी-वाहतूक वजा केली तर आणखी दोन-तीन टन धरा. एवढा ऊस फडातून काट्यावर यायला काय लागतं, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. आणि असा संगणक दोन-तीन वर्षांत घरघर करू लागतो, दुपारच्या वेळी आपोआप बंद पडतो, पोरं म्हणतात “व्हायरस आला”. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं की आतून मूठभर धूळ निघते.

म्हणून या अंकात आम्ही धुळीचा विषय घेतला आहे. आमचं म्हणणं एवढंच, की संगणक कितीही पुसला तरी घरात धूळ येत राहिली तर ते रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं होतं. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. घरातल्या हवेत असेल तेच संगणकाच्या पोटात जाणार, आणि घरातल्या माणसांच्या छातीतही.

धुळीने नेमकं होतं काय?

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसकट अडकलं की वारा आरपार जात नाही आणि इंजिन तापतं. एअर क्लीनर तुंबला की ट्रॅक्टर ओढत नाही. संगणकाचं अगदी तसंच आहे. आपण सगळे ज्या पेटीला सीपीयू म्हणतो, तिच्या आत प्रोसेसर नावाचा भाग काम करताना तापतो. त्याच्यावर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्याच्यावर पंखा. पंखा बाहेरची हवा ओढतो, ती पात्यांमधून जाते आणि उष्णता घेऊन मागच्या बाजूने बाहेर पडते.

हवेबरोबर धूळही येते. ती पात्यांमध्ये बसते आणि गोधडीसारखी उष्णता कोंडून धरते. प्रोसेसरचं तापमान ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर बंद पडतो. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेरचीच हवा चाळीस अंशांची असते, म्हणून बिघाड नेमका तेव्हा दिसतो. धुळीने पंखाही जड होतो, त्याचे बेअरिंग झिजतात आणि तो खरखर वाजायला लागतो.

पावसाळ्यात हाच कचरा ओल धरतो. स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीच्या तेलाची वाफ त्यात मिसळून चिकट लेप तयार होतो. असला ओलसर लेप सर्किटच्या पट्टीवर बसला तर गंज चढतो आणि कधी नको तिथून वीजही वाहते. कोरडी धूळ ब्रशने निघते, हा लेप सहजी निघत नाही.

आपल्या घरात धूळ येते कुठून?

शहरातल्या घरात कपड्यांचे तंतू, केस, कातडीचा कोंडा यांचा वाटा मोठा असेल. आपल्याकडे पहिला मान मातीचा. त्यानंतर चुलीची काजळी आणि पाचटाची राख. ही सगळी नीट ओळखून घ्यावी लागतात, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली वाट पायांची. फडातून, गोठ्यातून आलेल्या चपला तशाच सोप्यात आणि माजघरात फिरतात. दारात जाडसर काथ्याचं पायपुसणं आणि चपला बाहेर, एवढ्यानेच मातीचा मोठा भाग उंबऱ्याबाहेर राहतो. पायपुसणं मात्र आठवड्याला अंगणात झटकायला हवं, नाहीतर तेच धुळीचं कोठार होतं.

दुसरी वाट रस्त्याची. गळीत हंगामात ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि टायरगाड्या कच्च्या रस्त्याने सतत धावतात आणि रस्त्याकडेच्या घरांवर मातीचा थर चढतो. अशा घरांनी संगणकाची खोली शक्यतो परसाच्या बाजूची निवडावी. रस्त्याकडच्या खिडक्या पहाटे, दव पडून माती दबलेली असताना उघडाव्यात आणि वाहतूक वाढली की लावून घ्याव्यात. आपल्या आया-आज्या सकाळी अंगणात सडा घालत, त्यामागे शकुनाबरोबर शहाणपणही होतं. ओली माती उडत नाही. सडा बंद झाला असेल तर हंगामापुरता तरी पुन्हा सुरू करा.

तिसरी वाट जमिनीची. शेणाने सारवलेली जमीन ताजी असताना धूळ दाबते, पण सारवण सुटून पोपडे निघू लागले की पायागणिक भुकटी उडते. फरशी करणं सगळ्यांना जमेल असं नाही. निदान संगणकाच्या टेबलाखाली आणि खुर्चीच्या जागी ताडपत्री किंवा जाड चटई अंथरावी आणि ती ओल्या फडक्याने पुसावी.

चौथी वाट धुराची. घरात गॅस आला तरी न्हाणीचा बंब अजून वाळक्या काटक्यांवर आणि पाचटावर पेटतो. त्याची काजळी अतिशय बारीक असते आणि हवेत तरंगत सगळ्या घरभर जाते. बंब आणि चूल संगणकाच्या खोलीपासून दूर असावी, वर धुराडं असावं. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉईल संगणकाशेजारी लावू नये. देवघराशेजारीच टेबल मांडलं असेल तर ते हलवा.

झाडू की फडकं?

कोरड्या झाडूने झाडताना जमिनीवरची धूळ हवेत जाते, हे सगळ्यांनी उन्हाच्या कवडशात पाहिलं आहे. ती खाली कधी बसते याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दहा मायक्रॉनचा कण, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, स्थिर हवेत मीटरभर उंचीवरून खाली यायला पाच-सहा मिनिटं घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला आठ तास लागतात. म्हणजे सकाळी झाडलेली सर्वांत बारीक धूळ दिवसभर हवेतच असते, आणि संगणकाचा पंखा तीच ओढतो.

यावर उपाय सोपा आहे. झाडताना संगणक बंद ठेवा आणि झाकून ठेवा. झाडण्यापूर्वी जमिनीवर पाण्याचे शिंतोडे मारा. वरून खाली या: आधी जळमटं, मग फळ्या, मग टेबल, शेवटी जमीन. झाडून झाल्यावर अर्ध्या तासाने ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. आणि हे सगळं काम एकट्या घरच्या बाईच्या माथी मारू नका. संगणक वापरणाऱ्या मुला-मुलीने निदान आपली खोली तरी स्वतः पुसावी.

संगणकाची काळजी

धूळ जमिनीलगत दाट असते, म्हणून सीपीयू खाली ठेवू नका. तो फूट-दीड फूट उंच स्टुलावर किंवा टेबलावर ठेवा. मागची बाजू भिंतीपासून वीतभर तरी दूर हवी, म्हणजे गरम हवा मोकळी बाहेर पडेल. बंद कपाटात कोंबू नका. कापडी झाकण बंद असताना घाला, चालू असताना काढा. झाकलेला संगणक चालवणं म्हणजे धुळीपेक्षाही लवकर त्याला तापवणं. मागच्या रिकाम्या फटी पत्र्याच्या पट्टीने बंद करा, तिथून झुरळं आणि पाली आत जातात. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका, त्याची हवेची भोकं बहुधा खालच्या बाजूला असतात. पाट किंवा लाकडी फळी उत्तम.

आतून सफाई वर्षातून दोनदा पुरे: एक दिवाळीच्या आवराआवरीत आणि दुसरी हंगाम संपल्यावर, पावसापूर्वी. रस्त्याकडेच्या घरांनी हंगामात महिन्याला समोरची जाळी तेवढी साफ करावी. सफाई अशी करा:

• संगणक बंद करून वायर बोर्डातून काढा. पाच-दहा मिनिटं थांबा.

• पेटी अंगणात किंवा ओसरीवर न्या, म्हणजे निघालेली धूळ पुन्हा घरात बसणार नाही. तोंडाला रुमाल बांधा.

• झाकण काढल्यावर आधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. हिवाळ्यात अंगावरची स्थिर वीज आतल्या भागांना इजा करते.

• मऊ, कोरड्या रंगकामाच्या नव्या ब्रशने आणि हाताने दाबायच्या रबरी फुग्याने धूळ बाहेरच्या दिशेला काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरगर फिरू देऊ नका.

• वीज पुरवणारा डबा, ज्याला पॉवर सप्लाय म्हणतात, तो कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. त्याची धूळ बाहेरूनच काढा.

• पडदा किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसा. पाणी किंवा काचेचा फवारा थेट मारू नका.

एक धोक्याची सूचना. पेटी पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरचा झोत मारून आणायची पद्धत काही गावांत आम्ही पाहिली आहे. त्या हवेत पाणी आणि तेलाचे थेंब असतात आणि दाबही फार असतो. लहान भाग त्याने निखळतात. ते करू नका. ज्यांना झाकण उघडण्याची धास्ती वाटते, त्यांनी जाणत्या माणसाकडून पहिल्यांदा शिकून घ्यावं.

शेवटची वाट: फड

घर कितीही पुसलं तरी फडातलं पाचट पेटलं की दोन-तीन वस्त्यांवर काळे तुरे पडतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, पाण्याच्या हौदात, आणि अर्थात संगणकातही. डोळ्यांना दिसणारे तुरे तरी वेचता येतात, त्यांच्याबरोबर न दिसणारी काजळी म्हाताऱ्यांच्या आणि लहानग्यांच्या छातीत जाते. संगणकाचा पंखा बदलता येतो. छातीतलं यंत्र बदलून मिळत नाही.

एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट निघतं. पेटवलं तर त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातो. न पेटवता खोडव्यात सऱ्यांमध्ये पसरलं किंवा कुट्टी केली, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणूखत टाकलं, तर पाणी वाचतं, तण दबतं आणि जमीन भुसभुशीत राहते. मात्रा किती, हे आपल्या गटाच्या शेतकी सहायकाला विचारा. जमिनीच्या भल्यासाठी पाचट राखा, असं या पानांतून नेहमीच सांगितलं जातं. आज आम्ही ते घराच्या आणि शेजाऱ्याच्या भल्यासाठी सांगतो आहोत.

बगॅस जाळणाऱ्या बॉयलरच्या चिमणीतूनही उडती राख येते. ती अडवण्यासाठी धूर पाण्याने धुणारी किंवा विजेच्या साहाय्याने कण पकडणारी यंत्रणा असते, आणि ती नीट चालली तरच उपयोगाची. लगतच्या वस्तीवर राख पडत असेल तर तारीख-वेळ टिपून गट कार्यालयात लेखी कळवा, वार्षिक सभेत विचारा. तो मालक-सभासदाचा हक्क आहे, त्यात संकोच करण्याचं कारण नाही.

सभासदांना आमची विनंती अशी. या आठवड्यात तीन गोष्टी करा: दारात पायपुसणं टाका, सीपीयू जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, आणि शेजारच्या गटधारकाशी बसून यंदा पाचट पेटवायचं नाही असं ठरवा. पहिल्या दोन गोष्टींना फारसा खर्च नाही. तिसरीला दोघांचा शब्द लागतो, तेवढा तो जरूर द्या.