क्लिक केले, पण खिडकीने ऐकले का?

रत्नागिरी, प्रतिनिधी – दहावी-बारावीचे निकाल लागले की शहरात दाखल्यांसाठी आणि प्रवेश अर्जांसाठी संगणकांपुढे गर्दी होते. मारुती मंदिर असो वा साळवी स्टॉप, दृश्य एकच. एका खिडकीत अर्ज, दुसरीत गुणपत्रिका आणि ‘दाबलं तरी काही होत नाही’ म्हणत माऊसचे बटण पुन्हा पुन्हा दाबणारे पालक. संगणक बिघडला, असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. वस्तुतः अनेकदा बिघाड नसतोच. क्लिक कोणत्या खिडकीकडे गेले आणि तिने त्याचे काय केले, एवढाच प्रश्न असतो.

टपालासारखा बटवडा

माऊसचे बटण दाबताच तो आदेश थेट अर्जापर्यंत जात नाही. पडद्यावरचा बाण कोठे आहे आणि त्या जागी सर्वांत वर कोणती खिडकी आहे, हे आधी ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. मग त्या खिडकीच्या नावे एक संदेश तयार होऊन रांगेत पडतो. पोस्टमनने पत्ता पाहून पत्र पेटीत टाकावे, तसे हे काम. पेटी उघडून पत्र वाचणे ही मात्र घरमालकाची, म्हणजे त्या प्रोग्रामची जबाबदारी.

प्रोग्राम दुसऱ्या कामात गुंतला असेल तर पत्रे पडून राहतात. साधारण पाच सेकंद प्रतिसाद आला नाही की विंडोज त्या खिडकीच्या मथळ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे दाखवते. उतावीळपणे केलेली क्लिक दरम्यान रांगेत साचू शकतात आणि प्रोग्राम मोकळा होताच एकापाठोपाठ अमलात येतात. एकच अर्ज दोनदा जाण्याचा धोका असतो तो येथे.

एका वेळी एकच खिडकी

पडद्यावर दहा खिडक्या उघड्या असल्या तरी कळफलक एका वेळी एकीच्याच ताब्यात असतो. क्लिक केलेली खिडकी पुढे येते आणि टंकलेली अक्षरे तिच्यातच उमटतात. विंडोजमध्ये पहिलेच क्लिक बहुधा खिडकी पुढे आणते आणि बटणही दाबते. मॅकवर पहिले क्लिक अनेकदा खिडकी केवळ पुढे आणते, बटणासाठी दुसरे लागते. लिनक्समध्ये तर नुसता बाण नेला की खिडकी जागी होईल, अशीही सोय करता येते.

मराठी टंकणाऱ्यांना आणखी एक अनुभव येत असे. २०१२ मध्ये विंडोज ८ येण्यापूर्वी टंकनाची भाषा खिडकीगणिक वेगळी लक्षात ठेवली जाई. पत्रात मराठी सुरू असताना शेजारच्या अर्जात इंग्रजी उमटे. त्यानंतर मूळ मांडणीत सर्व खिडक्यांसाठी एकच भाषा ठेवण्यात आली.

हा सारा पेच खिडक्या एकमेकींवर येऊ लागल्यापासूनचा. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या फरशीसारख्या शेजारी शेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या आणि ‘वर कोण?’ हा प्रश्न उभा राहिला.

काय करावे?

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांच्या हाती माऊस दिला. तरीही काही साध्या गोष्टी लक्षात राहत नाहीत.

क्लिक केल्यावर केवळ ‘टुंग’ असा आवाज येत असेल, तर एखादी छोटी चौकट उत्तराची वाट पाहत असते. ती दिलेल्या उत्तराविना मागची खिडकी हलत नाही. चौकट दिसत नसेल तर ऑल्ट आणि टॅब या कळा एकत्र दाबून ती शोधावी.

डबल क्लिकसाठी दोन दाबांमध्ये मूळ मांडणीत अर्धा सेकंद मिळतो. ज्येष्ठांना तो अपुरा वाटल्यास माऊसच्या सेटिंगमध्ये वाढवता येतो.

आणि सर्वांत उपयोगाचे म्हणजे, पडद्यावरचे बटण सहसा दाबताना नव्हे, तर बोट उचलताना काम करते. ‘सबमिट’ दाबल्यावर चूक ध्यानात आली, तर बोट न उचलता बाण बाजूला सरकवावा आणि मगच सोडावे. अर्ज जात नाही. नावातील एका काना-मात्रेच्या चुकीसाठी पुन्हा हेलपाटे घालावे लागतात, तेथे ही क्षणभराची सवड मोलाची ठरते.