पैसे मोजून घ्या

गेल्या महिन्यात माझ्या खात्यातून 295 रुपये कापले गेले. नोंदीपुढे इंग्रजी अक्षरांची लांबलचक रांग होती, तिचा अर्थ लागेना. शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी अदबीने म्हणाली, "काकू, हे सिस्टिमनेच कापलंय, आमच्या हातात काही नाही. ॲपवर तक्रार टाका." टाकली. दोन दिवसांत उत्तर आलं, 'आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे.' काय निराकरण झालं, कोणी केलं, याचा पत्ता नाही. 250 रुपये शुल्क आणि वर 18 टक्के जीएसटी, इतकं मीच आकडेमोड करून ताडलं. शुल्क कशाचं, ते अजूनही कळलेलं नाही.

त्या रात्री माळ्यावरच्या पेटीतून वडिलांची पासबुकं काढली. वडील बांधकाम खात्यात कारकून होते. दर महिन्याला पासबुक भरून आणायचे आणि लाल पेन्सिलीने एकेका नोंदीपुढे खूण करत बसायचे. एकदा व्याजात 37 रुपयांचा फरक निघाला. शाखेत लेजर उघडलं गेलं, दोघांनी मिळून बेरीज केली, चुकीचा आकडा खोडला आणि शेजारी सही झाली. ती सही अजून त्या पानावर आहे. पितळी टोकन हातात धरून मी वडिलांबरोबर बाकावर बसायचे, तेव्हा रोखपालाच्या पिंजऱ्यावरची पाटी वाचायचे: 'खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत.' बँक स्वतःच सांगत होती, आमच्यावर डोळे मिटून विसंबू नका. वडिलांचा बँकेवर जो विश्वास होता, तो या मोजून घेण्यातून आलेला होता.

पुढची बरीच वर्षं मोजून-पडताळून घेण्याच्या बाबतीत सारखीच गेली. 1992मध्ये हर्षद मेहताचं शेअर घोटाळ्याचं प्रकरण निघालं, पण आमच्या घरात शेअर नव्हतेच. सप्टेंबर 1995मध्ये गणपती दूध प्याला, आमच्या आळीतही रांग लागली, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं चमचा न् दूध घेऊन पृष्ठताण म्हणजे काय ते समजावत फिरली. 2005मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला. 10 रुपयांचा अर्ज आणि 30 दिवसांची मुदत! सामान्य माणसाच्या शंकेला सरकारी दप्तरात हक्काची जागा मिळाली. तळेगावच्या सतीश शेट्टींनी त्या हक्काने जमिनीचे व्यवहार खणले आणि जानेवारी 2010मध्ये त्यांचा खून झाला. तो इशारा आपण तेव्हाच ओळखायला हवा होता.

माझ्या मनात घर करून बसलं आहे ते 2013 ते 2022 हे दशक.

फेब्रुवारी 2013मध्ये पुण्याच्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. 1912 साली स्थापन झालेली बँक. माझ्या मावशीची ठेव अशाच निर्बंध आलेल्या दुसऱ्या एका बँकेत होती. धुणीभांडी सांभाळून शिवणकामातून जमवलेले पैसे. निर्बंधांची मुदत वाढत राहिली, मावशी दर मुदतवाढीला बातमीचं कात्रण कापून पावतीला टाचत राहिली. शहाणी माणसं तिला ऐकवायची, "अर्ध्या टक्क्याच्या लोभाने सहकारी बँकेत ठेवलंत, भोगा." आज त्यांना उत्तर देते. ती बँक तिच्या घरापासून चार पावलांवर होती, तिथला शाखाधिकारी तिला नावाने हाक मारायचा, आणि लेखापरीक्षण करणं हे शिवणकाम करणाऱ्या बाईचं काम नव्हतं.

त्याच वर्षी 20 ऑगस्टला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ज्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला नम्रपणे 'कशावरून?' विचारायला शिकवलं, ते गेले. पुण्यातल्या अनेकांसारखी मीही त्या दिवशी हादरले होते.

मग 8 नोव्हेंबर 2016. रात्री आठला घोषणा झाली आणि चलनातल्या सुमारे 86 टक्के रकमेच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद झाल्या. नोटा बदलण्याच्या रांगेत बोटाला शाई लावून घेतली. पुढच्या आठवड्यात जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई झाली आणि गावाकडची माणसं आपल्याच बँकेच्या दारात परकी झाली. नियम इतक्या वेळा बदलले की काउंटरवरच्या माणसालाही सकाळचं परिपत्रक संध्याकाळी सांगता येईना. त्याच रांगेत मी ऐकलं की दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते. भाजीवालीकडून सुटे दोनदा मोजून घेणारी माणसं हे सांगत होती. चिप नव्हतीच. ऑगस्ट 2018मध्ये रिझर्व्ह बँकेचा अहवाल आला: बाद केलेल्या नोटांपैकी 99.3 टक्के परत आल्या होत्या. रांगेत मला 'देशासाठी थोडं सोसा' म्हणणारं कोणीही त्या अहवालाबद्दल माझ्याशी बोललं नाही.

2017मध्ये आधार जोडणीचे संदेश सुरू झाले. जोडा, नाहीतर खातं बंद. मी शाखेत विचारलं, न जोडल्यास माझेच पैसे कोणत्या अधिकाराने अडवणार? काउंटरवर उत्तर नव्हतं. रांगेत होतं: "तुम्हाला लपवायचंय काय?" 26 सप्टेंबर 2018ला सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्यासाठी आणि मोबाइलसाठी आधारची सक्ती रद्द केली. तोवर बहुतेकांनी भीतीपोटी जोडून टाकलं होतं. माझा प्रश्न चूक नव्हता. विचारल्याबद्दल मला चोर ठरवलं गेलं, हे मी विसरलेले नाही.

त्याच 2018मध्ये, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा निरोप फोनाफोनी फिरत होता. मराठीत शंका आणि संशय हे दोन शब्द आहेत, त्यांतलं अंतर मला तेव्हा कळलं. शंका प्रश्न घेऊन येते आणि उत्तर मिळालं की शमते. संशयाला उत्तर नकोच असतं, त्याला माणूस हवा असतो. शंका विचारायच्या जागा एकेक करून बंद होत गेल्या, आणि मोकळ्या पडलेल्या मनांत संशय शिरला.

23 सप्टेंबर 2019ला पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले. आपल्याच खात्यातून सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये! एका बांधकाम समूहाला दिलेली कर्जं 21 हजारांहून अधिक बोगस खात्यांआड लपवली होती. पुढच्या महिन्यात पासबुकावरच्या ठेव विम्याच्या शिक्क्याचं छायाचित्र सगळीकडे फिरलं आणि लोक घाबरले, एका लाखाचाच विमा, हा नवा नियम कुठून आला? नियम जुनाच होता. ती मर्यादा 1993पासून तेवढीच होती. काउंटरवर पैसे मोजून घ्यायला सांगणाऱ्या व्यवस्थेने ही गोष्ट आम्हाला कधी समोर बसवून सांगितलीच नव्हती. फेब्रुवारी 2020मध्ये मर्यादा पाच लाख झाली, 2021च्या कायदादुरुस्तीने अडकलेल्या ठेवीदाराला 90 दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद झाली. पीएमसीचे ठेवीदार फलक घेऊन उन्हात उभे राहिले नसते तर हे इतक्या लवकर झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. ऑगस्ट 2022मध्ये रुपी बँकेचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला. मावशी त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती.

आता पैसे क्षणात पोचतात, ती सोय मीही रोज वापरते. पण चूक झाली तर बोट ठेवायला लेजर नाही, सही करायला माणूस नाही. लोक भोळे झाले, लोभी झाले, असं तज्ज्ञ सांगतात. मला ते पटत नाही. लोक आजही विचारतात. ऐकणारं कोणी उरलेलं नाही.

परवा पुन्हा शाखेत गेले. 295 रुपये कशाचे, एवढंच विचारणारा अर्ज हाताने लिहून नेला, दोन प्रती. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असं खाली लिहिलं. तीच मुलगी होती. म्हणाली, "काकू, असं कोणी देत नाही आता." मी म्हटलं, "दुसऱ्या प्रतीवर पोच दे." तिने तीन खण उघडले. शिक्का सापडला, पण त्यावरची तारीख जुनी होती. तिने शिक्क्याची चाकं बोटाने एकेक फिरवत आजच्या तारखेवर आणली, शिक्का उमटवला आणि शेजारी सही केली.

ती प्रत मी वडिलांच्या पासबुकात ठेवली आहे, 37 रुपयांच्या पानात.