तुरुंगाच्या जागी तलाव

उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजे आणि ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी उभी राहते. अमेरिकेत ज्याला स्टेट पार्क म्हणतात ते उद्यान असे नव्हे. ते राज्याने जनतेसाठी राखलेले रानच असते. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे ३० मैलांवरचे हॅरिमन स्टेट पार्क घ्या. क्षेत्र ४७ हजार एकरांच्या आसपास, लहानमोठे तलाव ३१ आणि पाऊलवाटा सुमारे २०० मैल!

कारखान्यांच्या नि गोद्यांच्या एवढ्या शहराशेजारी हे रान उरले कसे? १९०८ साली राज्य सरकारने तेथल्या बेअर माउंटन डोंगरापाशी तुरुंग बांधण्याचे ठरविले होते. १९१० साली रेल्वेमालक हॅरिमन यांच्या विधवा पत्नी मेरी हॅरिमन यांनी १०,००० एकर जमीन व १० लाख डॉलर देऊ केले. तुरुंग नको, उद्यान करा, ही त्यांची अट. सरकारने ती मानली. कोणी याला शेठजींचा दानधर्म म्हणेल. आम्ही चळवळीतली माणसे. तो पैसा रूळ टाकणाऱ्यांच्या घामातून आला, हे आम्ही विसरत नाही. ज्यांचे होते त्यांच्याकडे थोडे परत आले, एवढेच.

तेथले पुष्कळ तलावही माणसांच्या हातचे आहेत. १९३० नंतरच्या मंदीत बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनी तेथे बांध घातले, रस्ते केले.

जायला मोटार हवीच असे नाही. आगगाडीने टक्सिडो स्टेशनवर उतरले की जवळूनच पाऊलवाट सुरू होते. झाडांवर रंगाचे पट्टे असतात. एक पट्टा म्हणजे वाट बरोबर. दोन म्हणजे वळण. तीन म्हणजे वाटेचा आरंभ किंवा शेवट. १९२० साली संघटित झालेले स्वयंसेवक या वाटा आखतात, राखतात. प्रसिद्ध ॲपलाचियन वाटेचा पहिला टप्पा १९२३ साली येथेच खुला झाला. तंबूची जागा आधी राखून ठेवता येते. रानात काळी अस्वले आहेत, म्हणून तंबूत खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. शेजारच्या बेअर माउंटन उद्यानासाठी डूडलटाउन हे गाव उठवले गेले. १९६५ पर्यंत तेथली शेवटची घरे रिकामी झाली. सार्वजनिक हितासाठी कोणाचे घर गेले, हे विचारल्यावाचून कोणत्याही रानाचे कौतुक पुरे होत नाही.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला. रविवार मिळाला, पण तो घालवायचा कोठे? खोलीत दहा माणसे, बाहेर गल्ली. तीस वर्षे आम्ही मागणीपत्रे लिहिली. पगार लिहिला, बोनस लिहिला, रजाही लिहिली. चार झाडे आणि एक तलाव मात्र एकदाही लिहिला नाही. ती चैन आहे, असे आम्हीच धरून चाललो. ती आमची चूक होती. विश्रांतीला वेळ लागतो तशी जागाही लागते, आणि दोन्ही मागूनच मिळतात.